पाऊण कोटीचा प्रताप साळोखे

माणसाचं नाव कळलं की ते तपासायचं, ही माझी सवय आहे आणि तिचाच मला पगार मिळतो. सिंगापूरमधल्या एका बँकेत मी कम्प्लायन्सला आहे. नवा ग्राहक आला की त्याच्याबद्दल जगात कुठे काही वाईट छापून आलंय का ते शोधायचं, सापडलं तर नावापुढे लाल खूण करायची आणि फाइल वरच्या साहेबांकडे पाठवायची. चौदा वर्षं हे केल्यावर हात आपोआप तिकडे वळतात. माझ्या मुलीच्या, आर्याच्या, पियानोच्या बाईंचं नाव मी तपासलंय, आमच्या दातांच्या डॉक्टरचं तपासलंय आणि खरं सांगायचं तर लग्नानंतर नवऱ्याचंही तपासलंय. निशिकांतच्या नावावर काहीच निघालं नाही, याचं त्याला अजून थोडं वाईट वाटतं.

प्रताप साळोखेचं नाव मात्र मी दोन वर्षं तपासलं नव्हतं. कारण साधं होतं. तो मला आवडला होता.

आर्या दहा वर्षांची असताना तिनं फुटबॉल शिकायचा हट्ट धरला. आम्ही मरीन परेडला राहतो, पण मुलींची वेगळी तुकडी असलेली अकॅडमी मिळाली ती पासिर रिसला. दर शनिवारी सकाळी आठला तिथं हजर व्हायचं. पहिल्याच दिवशी दिसला तो प्रताप. वय तिशीच्या आसपास, उंची बेताची, मांड्या पैलवानाच्या आणि उन्हानं रापलेला चेहरा. आम्ही पोचायच्या आधीच तो सगळं मैदान पायी फिरून झालेला असायचा. मग एकेका मुलीसमोर गुडघ्यावर बसून तिच्या बुटांच्या नाड्या तपासायचा. सैल असेल तर स्वतः सोडून पुन्हा बांधायचा. ज्या मुलींना घरी पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यावा लागतो, त्यांना हा माणूस दोन महिन्यांत नाड्या बांधायला शिकवून मोकळा झाला.

त्याचं इंग्रजी तोडकं होतं. "हेड अप. फर्स्ट सी. देन बॉल." एवढ्यावर तो तासभर काढायचा. ओरडायचा नाही. एखादीनं बघून, विचार करून पास दिला तर तो छातीपाशी दोन बोटं उचलायचा आणि खाली करायचा. त्या दोन बोटांसाठी मुली जीव टाकायच्या. एक गोष्ट मात्र तो कधी करायचा नाही. गोलावर किक मारून दाखवायचा नाही. मुली वाक्याला इथला लाडिक 'लाह' जोडून मागे लागायच्या, "कोच, वन टाइम ओन्ली लाह!" तो हसायचा आणि बॉल काखेत मारून दुसरीकडे चालू लागायचा.

तो मराठी आहे हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. एक चिनी मुलगी आपटली, गुडघा फुटला, आणि हा धावत जाऊन म्हणाला, "अगं, अगं, सावकाश." मी उडालेच.

"तुम्ही मराठी?"

"हो ताई. कोल्हापूर."

एवढंच. परदेशात भेटलेला कोल्हापूरचा माणूस तिसऱ्या मिनिटाला तांबड्या-पांढऱ्या रश्शावर येतो आणि पाचव्या मिनिटाला बाकीच्या जगाला मटण कसं करता येत नाही ते सांगतो, असा माझा अनुभव आहे. हा गावाचं नाव घेऊन मैदानावरचे प्लॅस्टिकचे कोन गोळा करायला निघून गेला. तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं.

त्याची बायको कस्तुरी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक. पाणी शुद्ध करायच्या पातळ पडद्यांवर तिचं काम चाललेलं असतं. सांगलीची मुलगी, बोलायला स्पष्ट. पासिर रिसलाच एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, एका ब्लॉकमध्ये दोन खोल्यांत ती दोघं राहायची. कधी कधी ती लॅपटॉप घेऊन मैदानावर येऊन बसायची. कोचच्या परवान्याची जाडजूड इंग्रजी पुस्तकं प्रताप डिक्शनरी घेऊन वाचतो, हे तिनंच मला सांगितलं. आमच्या गणपतीला दोघं जेवायला आली. इथल्या मराठी मंडळातल्या बँकवाल्यांनी "आपण काय करता?" म्हणून विचारलं, यानं "लहान मुलांना शिकवतो" म्हणून सांगितलं आणि त्यांचा रस संपला. ते त्याच्या पथ्यावरच पडलं, असं मला आता वाटतं.

आता आमच्याकडच्या शाळांचं थोडं सांगायला हवं. इथं सहावीला एक मोठी परीक्षा असते आणि कुठली माध्यमिक शाळा मिळणार ते त्यावर ठरतं. पण एक बाजूची वाटही आहे, तिला डीएसए म्हणतात. मूल खेळात किंवा कलेत चमकणारं असेल, तर शाळा त्याची चाचणी घेते आणि परीक्षेच्या आधीच जागा राखून ठेवते. पहिलीत "खेळानं तब्येत चांगली राहते" म्हणणारे आईबाप पाचवीत आले की कुठल्या शाळेत कुठल्या खेळाचा मुलींचा संघ आहे याच्या याद्या करायला लागतात. मी त्यांना हसायचे. मग आर्या सहावीत गेली आणि माझी यादी सगळ्यांत लांब निघाली.

शाळा मी ठरवून ठेवली होती. हवं होतं ते कोचचं शिफारसपत्र. ते मी धरूनच चालले होते. आपला माणूस, आपल्याकडे गणपतीला जेवलेला.

मार्चमधला शनिवार होता. खेळ रंगात असताना खांबावरचा नारिंगी दिवा फिरायला लागला, भोंगा वाजला. विजेचा इशारा. आकाशात ऊन असलं तरी दिवा थांबेपर्यंत मैदानावर पाय ठेवायचा नाही, हा इथला नियम. सगळ्या मुली शेडखाली येऊन बसल्या. मी प्रतापच्या शेजारी बाकावर बसले आणि विषय काढला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्र देतो की ताई. ती नियमित येते, कष्ट करते, सगळ्यांना सांभाळून घेते, हे लिहितो. पण त्या शाळेच्या संघात खेळेल एवढी ती आहे, असं मला लिहिता यायचं नाही."

"का?"

"ती तेवढी नाही म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अर्जाला अजून तीन महिने आहेत. जादा शिकवा हवं तर."

"तीन महिन्यांत व्हायची गोष्ट नाही ती. चांगली आहे आर्या. पण बॉल कुठं जाणार हे हिला कळतं, तोवर बाकीच्या दोघी-तिघी तिथं निघालेल्या असतात. शिकवून ते थोडं सुधारतं. फार नाही."

"मग दोन वर्षं काय शिकवलंत?"

"खेळायला शिकवलं," तो म्हणाला. "तिला खेळायला आवडतं, ताई. ते जाऊ देऊ नका."

दिवा थांबला, तो उठून गेला. मी तिथंच बसून राहिले. मला इतका राग क्वचित आला असेल. एखाद्या परक्या कोचनं नकार दिला असता तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. यानं दिला हे मला सहन होत नव्हतं. चार ओळी वाढवून लिहायला याच्या बापाचं काय जात होतं? आणि हा कोण लागून गेला माझ्या मुलीची पारख करणारा?

हा प्रश्न मनात आला आणि हात वळले. त्याच दुपारी घरच्या लॅपटॉपवर मी त्याचं नाव घातलं. पुढे कोल्हापूर, पुढे फुटबॉल.

चौथ्या क्रमांकाला एक यादी निघाली. आपल्याकडच्या एका बड्या फुटबॉल लीगवर लिहिणाऱ्या कुठल्याशा वेबसाइटची. 'सर्वांत महागडे दहा फ्लॉप.' त्या लीगमध्ये एका वर्षी खेळाडूंचा ड्राफ्ट झाला होता. म्हणजे प्रत्येक खेळाडूची किंमत आधी ठरलेली, आणि क्लबवाल्यांनी पाळीपाळीनं आपापला खेळाडू उचलायचा. यादीत दर वर्षी थोडी भर पडत असावी, काही जुनी नावं गळत असावीत. प्रताप साळोखे आठ वर्षं चौथ्या नंबरवर टिकून होता. फोटोत फेटा बांधलेला, गुलालानं माखलेला, तेवीस वर्षांचा हसरा पोरगा. खाली लिहिलं होतं: पाऊण कोटी रुपये. पाच सामने. शून्य गोल. एक पेनल्टी, तीही गोलाच्या बारवरून. पुढच्या हंगामात कुणी विचारलं नाही. कुणीतरी हिशेब करून तो मैदानावर होता त्या दर मिनिटाला किती हजार पडले तेही मांडलं होतं. त्याखाली तीनशेच्या वर प्रतिक्रिया. मी सगळ्या वाचल्या.

मग मी माझं काम केलं. पालकांच्या ग्रुपवर ती यादी टाकली आणि वर इंग्रजीत लिहिलं, 'फक्त माहितीसाठी. आपल्या मुलींची पारख कोण करतंय, हे सर्वांना ठाऊक असावं.' मला अजिबात कचरायला झालं नाही. उलट बरं वाटलं. पुढचे दोन तास मला फार बरं वाटत होतं, हे लिहून ठेवायला हवं.

संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. मिसेस टेओ म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या मुलीलाही यानं पत्र नाकारलं होतं. आणखी एका वडिलांनाही. मग सगळेच बोलायला लागले. स्वतःला जमलं नाही म्हणून हा दुसऱ्यांच्या मुलांना कमी लेखतो. असल्या माणसाला अकॅडमीनं घेतलंच कसं? त्याचे दोन्ही कोचिंगचे परवाने खरे होते, इथल्या मैदानांवरचं पाच वर्षांचं काम खरं होतं, पण ते कुणाला आठवलं नाही. मलाही नाही.

पुढच्या शनिवारी मुलींनी त्याला घेरलं. आईबापांच्या फोनवरून सगळं त्यांच्यापर्यंत पोचलेलं.

"कोच, इज इट ट्रू? यू मिस्ड?"

"ट्रू," तो म्हणाला.

"हाउ?"

"टू हाय." त्यानं हातानं बॉल कुठून गेला ते दाखवलं. मुली हसल्या, तोही हसला आणि खाली बसून नाड्या तपासायला लागला. मी शेडखालून बघत होते. आर्या हसली नव्हती. घरी जाताना ती टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

अकॅडमीचे मॅनेजर रोस्लान म्हणून एक मलाय गृहस्थ आहेत. त्यांनी पालकांची बैठक घेतली. प्रतापला यायची गरज नव्हती, पण तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि सरळ उभा राहिला. बहुधा कस्तुरीनं वाक्यं लिहून दिली असावीत, कारण तो ती जपून, एकेक करून बोलत होता. ती यादी बरोबर आहे, तो म्हणाला. एकच चूक आहे. त्यात पाच सामने लिहिलेत, मी चारच खेळलो, पाचव्यात बाकावर होतो. मला गोल करायचे पैसे मिळाले होते आणि मी गोल केले नाहीत. कुणी मला फसवलं नाही. तुम्हाला काय विचारायचं असेल ते विचारा.

मिसेस टेओंनी विचारलं, "मग आमच्या मुली कशा आहेत, ते तुम्हाला कसं कळणार?"

"धिस वन थिंग आय नो व्हेरी वेल," प्रताप म्हणाला.

बैठक तिथंच उठली. मला वाटलं, संपलं. पण महिन्याभरात नऊ मुली दुसऱ्या तुकडीत किंवा दुसऱ्या अकॅडमीत गेल्या. जूनअखेर त्याचा करार संपत होता, तो पुढे वाढला नाही. रोस्लान मला म्हणाले, "गुड कोच, यू नो. बट पॅरेंट्स पे, पॅरेंट्स चूज." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. यादी कुणी टाकली हे त्यांना माहीत होतं.

करार वाढला नाही हे कळलं त्या रविवारी मी पासिर रिसला त्यांच्या घरी गेले. जावं असं निशिकांत दोन महिने सांगत होता. कस्तुरीनं दार उघडलं.

"तुम्हीच पाठवलं होतंत ना ते?"

"हो," मी म्हटलं. तोवर मी ते तोंडानं कुणाजवळही कबूल केलं नव्हतं.

"बसा. पाणी आणते."

प्रताप आतून आला, नेहमीसारखं "या ताई" म्हणाला. मी त्याला सरळ सांगितलं की माझं चुकलं आणि मला ते निस्तरायचं आहे. मग विचारलं, त्या वर्षी नक्की काय झालं होतं? गुडघा दुखावला होता? कोचशी बिनसलं? परप्रांतातला म्हणून बसवून ठेवलं? काय असेल ते सांगा, मी ग्रुपवर लिहिते, सगळ्यांना कळू दे. खरं तर मजकूर मी निम्मा तयारच करून आणला होता. फक्त कारण भरायचं बाकी होतं.

त्याला हसू आलं. "तसलं काही नव्हतं, ताई."

आणि मग तो बोलला. दोन वर्षांत बोलला नव्हता एवढं त्या दुपारी बोलला.

कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि तिथली माणसं त्या संघांपायी जेवण विसरतात. याचे वडील तालमीचे जुने गोलकीपर. हा त्याच तालमीकडून खेळायचा, एका हंगामात एकतीस गोल मारले, राज्याकडून निवड झाली. एका मोठ्या क्लबच्या माणसानं त्याचा एकच सामना पाहिला. त्या सामन्यात यानं तीन गोल केले होते. ड्राफ्ट मुंबईत एका हॉटेलात होता, हा तालमीत दोनशे माणसांबरोबर टीव्हीसमोर बसलेला. दुसऱ्याच फेरीत याचं नाव उचललं गेलं, पडद्यावर आकडा आला आणि कुणीतरी याला खांद्यावर घेतलं.

"त्याच दिवशी मिरवणूक. हलगी, गुलाल, उघडी जीप. पुढचे पंधरा दिवस सत्कार. तालमीचा झाला, नगरसेवकाचा झाला, शाळेचा, पतसंस्थेचा, आईच्या बचत गटाचा पण झाला. सतरा शाली झाल्या ताई, आणि मी अजून त्या क्लबच्या बॉलला पायसुद्धा लावला नव्हता. चौकाचौकात बोर्ड. पाऊण कोटीचा वाघ. प्रत्येक ठिकाणी मी माइक घेऊन म्हणायचो, तुमचा विश्वास सार्थ करून दाखवीन."

"मग?"

"मग कॅम्पला गेलो. मी बॉलकडे पळायला सुरुवात करायचो आणि पोचेपर्यंत तिथं कुणीच नसायचं. खेळ पुढं गेलेला असायचा. पहिला आठवडा म्हटलं, होईल सवय. दुसऱ्या आठवड्यात कळलं. मी चांगला होतो, ताई. तेवढा नव्हतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? सतरा शाली घेतल्या होत्या की."

कस्तुरी पाणी घेऊन दारातच उभी होती. तिनं हे आधी ऐकलेलं असणार, तरी ती उभीच राहिली.

चौथ्या सामन्याला वडील आणि पेठेतली चाळीस माणसं गाडी करून गेली होती, मोठा फलक घेऊन. पेनल्टी मिळाली. ती मारायची कप्तानानं, पण यानं मागून घेतली. "म्हटलं एक गोल झाला तर माणसं खूश होऊन घरी जातील. बाकी मग काय व्हायचं ते होऊ दे." बॉल बारवरून गेला. फलक गुंडाळल्याचं त्याला मैदानातून दिसलं.

पेठेत परतल्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. बोर्ड उतरले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, तो म्हणाला. त्याचे वडील तीस वर्षं रोज संध्याकाळी तालमीच्या पायरीवर जाऊन बसायचे, ते जायचे बंद झाले. आलेल्या पैशातून घरावर मजला चढवला होता. गल्लीतली पोरं त्याला पाऊण कोटीचा मजला म्हणायला लागली. हा आधी गोव्याला गेला, मग इकडे आला. लग्नही सांगलीत करून दोघं तिथूनच निघून आली. आठ वर्षांत तो त्या पेठेत गेलेला नव्हता.

"ह्या पोरींना कुणी आधीच जीपमध्ये बसवू नये, एवढंच बघत होतो," तो म्हणाला. "तुम्हाला लागलं, ते कळलं मला. पण लिहिणार काय?"

मी रडले. मला वाईट वाटत होतं आणि स्वतःची लाज वाटत होती, आणि दोन्ही मी त्याच्यासमोर लपवू शकले नाही. मी पुन्हा माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "खोटं थोडंच पाठवलंत तुम्ही?" टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटत होतं.

घरी येऊन मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. यादी टाकली ती रागातून, कोच प्रतापइतका सचोटीचा माणूस आपल्या मुलींना मिळाला नसता, वगैरे. दोन अंगठे आले. नवा कोच ठरला होता आणि लोक त्याच्या वेळापत्रकाविषयी बोलत होते.

कस्तुरीचं काम पुढच्या मार्चपर्यंत होतं. तिच्यामुळे मिळालेल्या राहण्याच्या पासवर तो घरी बसून राहू शकला असता, पण त्याला ते जमेना. जूनच्या शेवटी तो कोल्हापूरला गेला, त्याच घरी. आणखी कुठं जाणार होता? आर्या आणि तिच्या चार मैत्रिणी एमआरटी मेट्रोनं पासिर रिसला जाऊन त्याला भेटून आल्या. मला बरोबर येऊ नकोस म्हणून तिनं आधीच सांगितलं होतं. जुलैत मी कस्तुरीला फोन केला. ती म्हणाली, वरच्या मजल्यावर असतो. खाली फारसा उतरत नाही. तालमीची पोरं दोनदा बोलवायला आली, हा गेला नाही. वडील आणि तो पाण्याच्या टाकीबद्दल बोलतात.

"रोज फोन करतो मला," ती म्हणाली. "बरा आहे म्हणतो." मग तिला रडू आवरेना आणि तिनं फोन ठेवला.

एवढं झाल्यावरही मी आर्याचा अर्ज मागे घेतला नाही. नव्या कोचनं तीन आठवड्यांच्या ओळखीवर 'असामान्य क्षमता' असं पत्र लिहून दिलं आणि मी ते जोडलं. माणूस किती लवकर शिकतो, याबद्दल माझी काही समजूत होती, ती स्वतःवरूनच मोडली.

ऑगस्टच्या सुरुवातीला चाचणी झाली. साठेक मुली, चार मैदानं. मी कठड्यापाशी उभी होते. आर्या मनापासून पळत होती. बॉल येताना दिसला की ती निघायची, आणि तोवर दुसरी कुणीतरी तिथं पोचून पुढेही गेलेली असायची. दहा मिनिटांत मला दिसलं ते, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. दुपारी त्यांनी पुढच्या फेरीची नावं वाचली. तिचं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी सुरू केलं. तुला चुकीच्या जागी खेळवलं, गवत ओलं होतं, त्या पंचांचं लक्षच नव्हतं.

"आई, स्टॉप लाह," आर्या म्हणाली. "कोचनी मला सांगितलं होतं."

"कधी?"

"मार्चमध्ये. तुला सांगायच्या आधी. ही आस्क्ड मी, आईला सांगू का म्हणून. मी ओके म्हटलं."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं. वन डे."

"मग सगळं माहीत होतं तर आज आलीस कशाला? अर्ज भरतानाच नाही म्हणायचंस."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. अंगावर चाचणीचा नंबर अजून तसाच होता.

"मला ती स्कूल मिळणार, असं तू आजीला ऑलरेडी सांगितलं होतंस," ती म्हणाली. "आजीनी ठाण्याला सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे दिले. व्हिडिओ पाठवला मला. एव्हरीबडी वॉज क्लॅपिंग. देन हाउ टू से नो?"

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही. बारा वर्षांची माझी मुलगी, पाच महिने हे एकटी घेऊन हिंडत होती.